बागांसाठी गांधीनगर-दिल्लीचे उंबरे झिजवायचे, की आधी आपला खिसा चाचपायचा? (बडोदेकरांनो, मत द्या)

कारेलीबागकर
मुद्दा सरळ मांडतो. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आधी आपल्या महानगरपालिकेने सामान्य सभेत ठराव करून बागांसाठी राज्य आणि केंद्राकडून काय हवंय याची जाहीर यादी करावी. पैसे किती, कुठल्या कायद्यात काय बदल, कोणाची परवानगी अडली आहे, सगळं लेखी. ती आमदार-खासदारांच्या हातात द्यावी आणि वर्षअखेरीला काय पदरात पडलं ते सभेत सांगावं.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे बऱ्याच शहरांच्या कौन्सिल दरवर्षी असा कार्यक्रम मंजूर करतात आणि पाठपुराव्याला राजधानीत माणूस ठेवतात. तिथे 1965 पासून जमीन व जल संवर्धनाचा एक केंद्रीय निधी आहे, समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नातून भरणारा. वर्षाला 90 कोटी डॉलरपर्यंत मुभा होती, पण बहुतेक वर्षी हात आखडताच. 2020 मध्ये कायदा होऊन ती पूर्ण रक्कम कायमची बांधून मिळाली, आणि त्यामागे शहरांच्या आणि महापौरांच्या संघटनांचाही रेटा होता.

आपल्याकडे मात्र मंत्री येणार असं कळलं की घाईघाईने निवेदन, शाल, फोटो.

आपल्या शहराची जुनी, मोठी कमाटीबागच घ्या. हिरवळ आणि झाडं कॉर्पोरेशनची. आतलं म्युझियम राज्य सरकारचं. प्राणीसंग्रहालय चालवणार कॉर्पोरेशन, पण त्याची मान्यता दिल्लीच्या केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या हातात. शेजारून वाहणाऱ्या विश्वामित्रीतली मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, सर्वात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत, म्हणजे तिथे वनखातं. ऑगस्ट 2024 मध्ये नदी बागेत शिरली तेव्हा तिने कुठली हद्द कोणाची हे विचारलं नाही. एवढे मालक असलेल्या बागेसाठी शहराने तोंड उघडायचं नाही, तर कोणी?

हिशेबी_मांजलपूर
काका, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मागणीयादी करा, अगदी सोनेरी अक्षरात करा. वरून येणारा पैसा बांधकामाला येतो, सांभाळायला येत नाही. केंद्राची 2015 ची अमृत योजना आठवा. पाणी आणि ड्रेनेजच्या त्या योजनेत हिरव्या जागांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत वाटा होता. वर दरवर्षी किमान एक तरी बालोद्यान करा, अशी सुधारणांच्या यादीत अटही होती. आणि देखभाल? तिच्यासाठी लोकसहभाग नि खाजगी भागीदारीची व्यवस्था शहराने उभी करायची! म्हणजे बारसं दिल्लीचं, दूध आपलं.

माझ्या माहेरी, एका लहान नगरपालिकेत (नाव घेत नाही), अशीच अनुदानातली बाग झाली. स्टीलचं गेट, त्यावर लेसरने कापलेली मोरांची जोडी, कारंजं, संगमरवरी पाटी. कारंज्याची मोटार दुसऱ्या उन्हाळ्यात जळाली. ती दुरुस्त करायला अंदाजपत्रकाच्या कुठल्याच शीर्षकात पैसे नव्हते. आता त्या हौदात सुकलेली पानं आणि वेफर्सची पाकिटं. माळी एकच, तोही कंत्राटी, त्याला तीन बागा वाटून दिलेल्या. गेट मात्र अजून चकचकीत आहे हं.

ज्या शहराला माळ्याचा पगार स्वतः भरता येत नाही त्याने नवी बाग मागूच नये.

जुनी_फाईल
सरकारी टेबलावर उभी हयात गेली, म्हणून चार ओळी.

पैशाचं भांडण नंतर करा. आपली महापालिका चालते 1949 च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यावर, तोच जो मुंबई प्रांताच्या वेळी झाला. त्यात कलम 63 मध्ये बंधनकारक कामं आहेत: गटारं, दिवाबत्ती, सफाई, पाणी. कलम 66 मध्ये ऐच्छिक कामं, जमलं तर करायची. सार्वजनिक बागा आणि क्रीडांगणं कुठे आहेत? 66 मध्ये. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत 74 व्या दुरुस्तीने बागा-मैदानं शहरांच्या अठरा विषयांत घातली, त्याला 1993 पासून तीन दशकं उलटली. तरी आपल्या कायद्यात बाग अजून मर्जीवर.

अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा ती आधी ऐच्छिक कामांवर चालते. त्यामुळे यादीतली पहिली मागणी एका ओळीची असावी: बागा 66 मधून 63 मध्ये आणा. सरकारला यात एक पैसाही द्यायचा नाही, फक्त विधानसभेत दुरुस्ती विधेयक आणायचं आहे.

हिशेबी_मांजलपूर
@जुनी_फाईल, गटारं बंधनकारक आहेत ना? मग दर पावसाळ्यात आम्ही कशातून चालतो?

जुनी_फाईल
@हिशेबी_मांजलपूर, ताई, गटार तुंबलं की तुम्ही कलम दाखवून भांडता, कोर्टातही जाता येतं. बाग उजाड झाली तर काय दाखवाल, मोरांची जोडी?

दांडियाबाजार_७
एवढा काथ्याकूट कशाला? सयाजीराव महाराजांनी कमाटीबाग केली तेव्हा कोणाकडे मागणीयादी पाठवली होती? मनात आलं, केलं. आता इच्छाशक्तीच नाही, मग ठराव करा नि फाईलला लावा.

शियाबाग_वाचक
@दांडियाबाजार_७, बाग 1879 ची. महाराज तेव्हा सोळा वर्षांचे, राज्याचे पूर्ण अधिकार त्यांना 1881 मध्ये मिळाले. मधली वर्षं कारभार दिवाण सर टी. माधवरावांकडे, आणि डोक्यावर ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी. म्हणजे तेव्हाही खर्चाला कोणीतरी सही करतच होतं. शिवाय संस्थानाचा खजिना आणि आजच्या महापालिकेची तिजोरी यांची तुलना लावू नका. जमीनमहसूल, अबकारी सगळं संस्थानाकडे होतं. आपल्या महापालिकेची जकात 2007 मध्ये गेली, तेव्हापासून त्या बदल्यात गांधीनगरहून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे.

दांडियाबाजार_७
तारखा घेऊन बसा तुम्ही. बाग झाली ना?

सीए_वहिनी
जकातीचा विषय निघालाच आहे तर पुढचं ऐका, कारण खरी गंमत वित्त आयोगात आहे आणि तिकडे कोणी बघत नाही.

केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना आणि शहरांना किती, हे वित्त आयोग सुचवतो. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 26 या काळात दहा लाखांवरच्या शहरांसाठी वेगळा निधी ठेवला. गुजरातेत त्यात अहमदाबाद, सुरत, बडोदा आणि राजकोट. तो सगळाच्या सगळा ठरावीक कामांना बांधील होता: एक तृतीयांश हवेच्या गुणवत्तेला, उरलेला पाणी, स्वच्छता, कचरा. बागेला स्वतंत्र ओळ नव्हती. फार तर हवेच्या पैशात हरितपट्टा बसवा. मग धूळ अडवायला दुभाजकावर रोपं लागतात आणि पोरांना खेळायला जागा तेवढीच राहते. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत.

पण हे आयोग राज्यांत येतात तेव्हा स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधींनाही भेटतात. पाच वर्षांतून एकदा दार उघडतं. तेव्हा चार शहरांनी एका सुरात सांगायला हवं की यातला काही भाग मोकळा ठेवा, किंवा मोकळ्या जागांच्या देखभालीला जोडा. राज्याचाही वित्त आयोग असतो, घटनेनेच नेमायचा. तिथे तर गांधीनगर दोन तासांवर. मांजलपूरकर म्हणतात तो माळ्याचा पगार याच दोन दारांतून येऊ शकतो, योजनांतून कधीच येणार नाही.

म्हणून कारेलीबागकरांच्या यादीला माझा पाठिंबा आहे, पण ती "अमुक बागेला तमुक कोटी" अशी असेल तर नाही.

राजमहालरोड_निखिल
यादी कोण करणार, हे कोणी बोलतच नाहीये. आयुक्ताला नेमतं राज्य सरकार, त्याची बदलीही करतं राज्य सरकार. तो माणूस आपल्याच वरिष्ठांना जाहीरपणे लिहील की तुमचा कायदा अपुरा आहे? आणि महापालिका, गांधीनगर, दिल्ली तिन्हीकडे एकच पक्ष. जाहीर मागणी म्हणजे घरचं भांडण रस्त्यावर. नगरसेवक म्हणणार, "आपण साहेबांना आत जाऊन सांगू." आत जाऊन काय सांगितलं ते तुम्हाला-मला कधी कळणार नाही, आणि मिळालं तर श्रेय साहेबांचं, नाही मिळालं तर कोणी मागितलंच नव्हतं.

त्यापेक्षा शहराने स्वतःचे रोखे काढावेत. 2022 मध्ये आपल्या महापालिकेने 100 कोटींचे काढले, 7.15 टक्क्यांनी, आणि बाजाराने उड्या मारून घेतले. कुठे कोणाच्या पाया पडावं लागलं?

सीए_वहिनी
@राजमहालरोड_निखिल, अरे, त्यासाठीही दिल्लीच. रोखे काढणाऱ्या शहरांना 100 कोटींमागे 13 कोटींचं प्रोत्साहन केंद्राने ठेवलं, ते शहरांना हवं होतं म्हणूनच. आणि तो रोख्यांचा पैसा अमृतच्या कामांसाठी होता. व्याज फेडायला मागे वसुली लागते. कमाटीबागेत चालायला येणाऱ्या आजोबांकडून तू काय वसूल करणार?

आयुक्तांबद्दल म्हणतोस ते मात्र बरोबर. म्हणूनच ठराव सभेचा हवा, पत्र आयुक्तांचं नको.

जुनी_फाईल
एक राहिलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं आहे: जमीन.

बडोद्याची नवी वस्ती टीपी स्कीममधून, म्हणजे जमिनी एकत्र करून नव्याने आखणाऱ्या नगररचना योजनेतून वाढते. 1976 च्या नगररचना कायद्यात स्कीमच्या क्षेत्रातले पाच टक्के बागा, मैदानं, मोकळ्या जागांना ठेवता येतात, पंधरा टक्के रस्त्यांना, पंधरा टक्के विक्रीला. पण खाली परंतुक आहे: विकासाचं स्वरूप पाहून आणि कारणं लेखी नोंदवून हे टक्के बदलता येतील. कारण लेखी नोंदवायला किती वेळ लागतो हे मला विचारू नका. स्कीम मंजूर करणार राज्य सरकार, म्हणजे शेवटची सही तिकडे. केंद्राची 2014 ची मार्गदर्शक तत्त्वं माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवतात, पण ती सूचनाच, बंधन नाही.

कर्नाटकात 1985 पासून बागा-मैदानांचा स्वतंत्र कायदा आहे. बंगळुरात बागेची जागा खाजगी इस्पितळाला द्यायचा घाट घातला गेला, तो सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये हाणून पाडला. आपल्या सभेने एवढंच मागावं: बागेच्या टक्क्यांना ते परंतुक लागू करू नका. रस्त्याचे टक्के बदला, विक्रीचे बदला, हे पाच सोडा.

हिशेबी_मांजलपूर
हे पटतं. जमीन एकदा गेली की माळी ठेवून काय करणार.

तरी माझं पहिलं म्हणणं सोडत नाही. यादीत प्रत्येक नव्या बागेसमोर पुढच्या दहा वर्षांचा देखभालीचा खर्च आणि तो कुठल्या शीर्षकातून येणार ते लिहिलेलं हवं. रकाना कोरा असेल तर ती मागणी यादीतून बाहेर.

राजमहालरोड_निखिल
असा रकाना ठेवलात तर यादीत तीन ओळी उरतील.

कारेलीबागकर
@राजमहालरोड_निखिल, उरू देत की तीन. कलम 66, ते परंतुक, आणि वित्त आयोगातला मोकळा भाग. निवेदनाच्या एका पानावर बसतात, शाल न देताही देता येतात. वहिनी, वित्त आयोगाचा परिच्छेद तुम्ही लिहा. फाईलसाहेब, दुरुस्तीचा मसुदा तुमच्याकडे. आमच्या वॉर्डच्या चारही नगरसेवकांना मी गाठतो.

दांडियाबाजार_७
चारांतले दोन सभेत बोलताना मला दाखवा, मग मी पाठिंबा देतो.