कोणता भाग किती वॅट खातो? मोजायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरातल्या सगळ्यांचे फोटो ज्या संगणकावर आहेत तो रात्रंदिवस चालू असतो. काहीही काम चालू नसताना प्लगला लावलेला वॅटमीटर ६२ वॅट दाखवतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रोसेसर ९ आणि ग्राफिक्स कार्ड १४. बाकीचे ३९ वॅट जातात कुठे? साडेतीन इंची दोन हार्ड डिस्क आहेत, कायम फिरत असतात. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) ६५० वॅटचा.

सॉफ्टवेअरचा आकडा पडताळायचा म्हणून डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) आणला, प्रोसेसरच्या आठ पिनांच्या केबलला अडकवला. रीडिंग जवळपास शून्य! प्रोसेसरवर पूर्ण भार टाकला तरी तेच. मीटर खराब आहे की माझं काही चुकतंय? आणि ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवरच्या स्लॉटमधूनही वीज घेतं, तिथे क्लॅम्प लावायचा कुठे?

प्रतिसाद १
मीटर चांगला आहे. तुम्ही पिवळ्या-काळ्या सगळ्या तारा एकत्र पकडल्यात. पिवळ्यांतून जितका करंट जातो तितकाच काळ्यांतून परत येतो, त्यामुळे दोन्हींचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना खोडून टाकतं. आधी मीटर शून्यावर आणा, मग फक्त चार पिवळ्या तारा पकडा. त्या १२ व्होल्टच्या असतात, म्हणून येतील त्या अँपिअरना १२ ने गुणा. उत्तर सॉफ्टवेअरपेक्षा जास्त येईल, कारण मदरबोर्डवरच्या व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये वाया जाणारी वीजही त्यात धरली जाते.

३९ मधला बराच वाटा एसएमपीएसचा असणार. ६५० पैकी ६२ म्हणजे १० टक्क्यांहून कमी भार. ८० प्लसच्या (एसएमपीएसच्या कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) बहुतेक दर्जांची चाचणीच २० टक्क्यांपासून सुरू होते. त्याखाली कार्यक्षमता घसरत जाते. डिस्कसाठी सोपा उपाय: संगणक बंद करून दोन्हींच्या केबल काढा, पुन्हा चालू करून वॅटमीटरवरचा फरक बघा. स्लॉटचा नाद सोडा. तिथून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, पण ते मोजायला तारा बाहेर काढलेला रायझर (स्लॉट आणि कार्ड यांच्यामध्ये लावायचा जोड) लागतो आणि रिकाम्या बसलेल्या कार्डासाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

धागाकर्ता
मनापासून आभार! पिवळ्या तारांवर १.३ अँपिअर आले, म्हणजे साधारण १५.६ वॅट. डिस्क काढल्यावर वॅटमीटर ५० वर आला. फोटो रोज लागत नाहीत, तेव्हा डिस्क वापरात नसताना थांबवून ठेवाव्यात असं वाटतंय. पण वारंवार थांबण्या-सुरू होण्याने त्यांचं आयुष्य कमी होईल का? किती मिनिटांनी थांबवता तुम्ही?