गोल्फमध्ये अंतर दोन क्लबांच्या (काठ्यांच्या) मध्ये येते तेव्हा
गोल्फबद्दलच्या चर्चेत असे मत आले आहे की अंतर सात आणि आठ नंबरच्या आयर्नच्या (लोखंडी डोक्याच्या क्लबच्या; सात नंबरने चेंडू आठपेक्षा लांब जातो) मध्ये येत असेल, तर सात नंबर घेऊन हलका स्विंग करावा. सात नंबर घेण्याशी मी सहमत आहे. हलका स्विंग मात्र मला धोक्याचा वाटतो, कारण वेग जाणूनबुजून कमी करू लागले की चेंडूजवळ येताना हात मंदावतात आणि फटका नीट बसत नाही. त्याऐवजी ग्रिप (क्लबची मूठ) इंचभर खाली धरून नेहमीच्याच लयीत मारावे, म्हणजे चेंडू काही यार्ड आपोआप कमी जातो.

त्याआधी चूक कोणत्या बाजूला महाग पडेल, हे पाहायला हवे. अमेरिकेतल्या ऑगस्टा या गोल्फ मैदानाचा बारावा होल जेमतेम 155 यार्डांचा, पण पुढे रेज क्रीकचे पाणी आणि मागे बंकर (वाळूचे खड्डे). 2019 च्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी फ्रान्सेस्को मोलिनारीचा चेंडू तिथे पाण्यात गेला, तर टायगर वुड्सने उजवीकडच्या पिनचा (होलमधल्या झेंड्याचा) मोह टाळून डावीकडे, ग्रीनच्या (होलभोवतीच्या आखूड गवताच्या) सुरक्षित भागात चेंडू उतरवला. चेंडू रफमध्ये (उंच गवतात) असेल तर गोष्ट वेगळी: गवत मध्ये आल्याने फिरकी कमी होऊन चेंडू अपेक्षेपेक्षा लांब जाऊ शकतो, म्हणून तिथे मी आठ नंबरच घेईन.