मदत हवी: घरच्या स्विमिंग पूलसाठी वाळूचा फिल्टर की कार्ट्रिज? (वडोदरा, बोअरचं पाणी)

भायलीकर

नमस्कार मंडळी. वडोदऱ्याला भायलीत घरामागे छोटा स्विमिंग पूल बांधतोय. आरसीसी झालं, वॉटरप्रूफिंग चालू आहे, टाइल्स लागायच्या आहेत. माप ६ मीटर बाय ३ मीटर, खोली सगळीकडे १.२ मीटर. वापरणारे आम्ही दोघं, दोन मुलं आणि गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलेले सासरे. मे महिन्यात भाचरं येतात, तेव्हा माणसं मोजायची नाहीत.

गाडी अडलीय फिल्टरवर. कॉन्ट्रॅक्टरचं एकच पालुपद, "बेन, पाइपलेस ज नाखी दो." म्हणजे काठावर टांगायचा डबा, त्यातच पंप, त्यातच फिल्टर, भिंतीत पाइप नकोत. पुण्याचे दीर म्हणतात वाळूचाच घ्या. सामान विकणारा डीई (डायटोमेशियस अर्थ नावाच्या बारीक पावडरीचा) फिल्टर गळ्यात मारतोय, तो म्हणे सगळ्यांत बारीक गाळतो. मला स्वतःला कार्ट्रिज (चुण्यांची गाळणी बसवलेला) बरा वाटतो, कारण त्याला बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं, नाही. घरात बॅकवॉश हा शब्द काढला की सासरे म्हणतात, "बोअरचं पाणी गटारात सोडायचं असेल तर पूल बुजवा आणि तिथे वांगी लावा."

बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १४०० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आसपास आहे. पूलच्या बाजूला मोठा कडुनिंब, तो तोडायचा नाही. धूळ भरपूर, शेजारी अजून प्लॉट मोकळे आहेत. माळी आठवड्यातून दोनदा येतो, देखभाल त्याच्याकडे किंवा माझ्याकडे. टाइल्सवाला सोमवारी येतोय, त्याआधी पाइपचं ठरवायला हवं. जाणकारांनी कृपया सांगा.

वाळूघड्याळ

आधी हिशेब. तुमच्या पूलमध्ये २१,६०० लिटर पाणी बसतं. घरगुती पूलचं सगळं पाणी चार ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरावं असा ठोकताळा आहे. म्हणजे तासाला साडेतीन ते साडेपाच हजार लिटर. हे कुठलाही साधा पंप देतो, त्यामुळे "मोठा घ्या, मोठा घ्या" म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

मायक्रॉनचं (मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणाल तर वाळू साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचा कण धरते, कार्ट्रिज १० ते २०, डीई ३ ते ५. दुकानदार हे तीन आकडे दाखवतो आणि गिऱ्हाईक डीईकडे वळतं. पण डीईची पावडर प्रत्येक बॅकवॉशनंतर नव्याने भरावी लागते, आणि ती हाताळताना मास्क लागतो कारण तिची धूळ फुप्फुसाला वाईट. माळ्याच्या हाती ती देऊ नका. घरच्या पूलमध्ये वाळूच्या फिल्टरचं पाणीही तळाची टाइल मोजता येईल इतकं स्वच्छ दिसतं, क्लोरीन आणि पीएच जागेवर असले म्हणजे झालं. पाणी हिरवं होतं ते बहुतेक वेळा क्लोरीन कमी पडल्याने, फिल्टर जाड गाळतो म्हणून नव्हे.

आता तुमच्या सासऱ्यांचा मुद्दा. त्यांना हा हिशेब कागदावर करून दाखवा. ५०० मिमी व्यासाचा वाळूचा फिल्टर, तासाला सात-आठ हजार लिटरचा पंप. बॅकवॉश तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स. गेलं साडेचारशे लिटर. पूलचा वापर बरा असेल तर आठवड्यातून एकदा, नाहीतर दोन आठवड्यांनी. आता उन्हाळा बघा. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी रोज आठेक मिलिमीटर सहज उतरते. १८ चौरस मीटर गुणिले ८ मिमी म्हणजे रोज १४४ लिटर, आठवड्याला हजार लिटर हवेत. बॅकवॉशच्या दुप्पट पाणी ऊन पिऊन जातं आणि त्यावर घरात एकही भांडण होत नाही! पाणी वाचवायचं असेल तर आधी कव्हर घ्या. कडुनिंबाचाही निम्मा प्रश्न त्याच कव्हराने सुटेल.

रेसकोर्सवाली

माझ्याकडे कार्ट्रिज आहे, म्हणून लिहिते. पाणी सुंदर राहतं, खोटं बोलणार नाही. पण आपल्याकडची माणसं डोक्याला तेल चोपडून पाण्यात उतरतात. ते तेल कार्ट्रिजच्या चुण्यांमध्ये बसतं आणि नुसत्या पाइपच्या धारेने निघत नाही. आधी तेल काढणाऱ्या द्रावणात रात्रभर बुडवायचं, धुवायचं, मग क्षार काढायला पातळ ॲसिड. क्रम उलटा केला तर तेल आत पक्कं बसतं. एक जादा कार्ट्रिज घरात ठेवावंच लागतं. उत्तरायणानंतर तर स्किमरच्या (वर तरंगणारा कचरा ओढणाऱ्या तोंडाच्या) टोपलीतून मांजाचे तुकडे काढत बसायचं, हा वेगळाच कार्यक्रम. (तो काही फिल्टरचा दोष नाही.)

हे सगळं करायला माणूस हवा. आमच्याकडे आमचे हे आहेत, रविवारी आवडीने करतात. तुमचा माळी करेल का?

भायलीकर

@रेसकोर्सवाली ताई, माळी गुलाबाची कलमं सुंदर करतो. ॲसिड त्याच्या हातात द्यायची माझी छाती नाही. आमच्या ह्यांना रविवारी क्रिकेट असतं.

@वाळूघड्याळ काका (काकाच ना?), हिशेब सासऱ्यांना दाखवला. चष्मा लावून दोनदा वाचला, मग म्हणाले, "कव्हर कितीला येतं?" अर्धी लढाई जिंकली. पण १४०० टीडीएसचं काय? आणि पाइपलेस का नको?

वाळूघड्याळ

काकाच. नातवंडं आहेत.

पाइपलेस अगदीच वाईट नाही. आधीच बांधलेल्या पूलला, भिंत फोडायची नसेल तेव्हा तो बरा. पण त्याच्या पोटातलं कार्ट्रिज किंवा पिशवी लहान असते, धुळीच्या दिवसांत सारखी चोंदते. शिवाय पाणी एकाच कोपऱ्यातून ओढतो आणि तिथेच सोडतो, समोरच्या कोपऱ्यात पाणी तुंबून राहतं. तुमच्या भिंती अजून उघड्या आहेत, आत्ता पाइप टाकणं स्वस्त. स्किमर वारा ज्या बाजूला पाला ढकलतो त्या बाजूला. आणि तळाला ड्रेन एक नको, दोन हवेत, एकमेकांपासून किमान तीन फूट लांब, जाळ्या फुगीर. एकच ड्रेन असला आणि त्यावर मूल बसलं तर पंप त्याला खेचून धरतो. ही गोष्ट फिल्टरपेक्षा महत्त्वाची आहे, सोमवारी टाइल्सवाल्याच्या आधी हे करून घ्या.

आता टीडीएस. तो मोजायचा पेन सगळे क्षार एकत्र मोजतो. आपल्या बाजूला बोअरमध्ये मीठ जास्त आणि कठीणपणा बेताचा, असंही असू शकतं. लॅबमधून कॅल्शियम हार्डनेस वेगळा काढून घ्या. तो २०० ते ४०० पीपीएममध्ये असला तर निवांत राहा. बराच वर असेल तर पांढरा थर कार्ट्रिजवर चढतो, वाळूचेही गोळे होतात आणि मग पाणी वाळूतून न गाळता फटीतून निसटतं. तसं असेल तर पहिली भरणी टँकरच्या गोड्या पाण्याने करा.

भायलीकर ताई, आणि बॅकवॉश नाही म्हणून तुम्हाला कार्ट्रिज आवडतो ना? त्यातली मेख ऐका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. वरून भरता ते पुन्हा १४०० चं. शिवाय बाजारात क्लोरीनच्या ज्या गोळ्या मिळतात, त्या बहुतेक ट्रायक्लोरच्या असतात. एक किलो गोळ्या तुमच्या पूलमध्ये विरघळल्या की सायन्युरिक ॲसिड साधारण २५ पीपीएमने वाढतं. तिशी ते पन्नाशीपर्यंत ते उपयोगी, उन्हात क्लोरीन टिकवतं. पुढे गेलं की क्लोरीन असूनही काम करत नाही. ते उडत नाही, गाळलंही जात नाही, पाणी बदलूनच कमी होतं. वाळूच्या फिल्टरला बॅकवॉशमुळे थोडं जुनं पाणी आपोआप बाहेर पडतं. कार्ट्रिजवाल्यांना कधीतरी चौथाई पूल उपसावा लागतो, आणि एका वेळी पाच हजार लिटर गटारात जाताना बघून सासरेबुवा काय म्हणतील ते तुम्हीच सांगा.

रेसकोर्सवाली

हे खरं आहे. आम्ही म्हणून द्रव क्लोरीनवर आलो. महाग नाही, फक्त उन्हाळ्यात लवकर कमजोर होतं, थोडं थोडंच आणावं.

विश्वामित्रीकाठी

एक मुद्दा कुणी काढला नाही. पंप खड्ड्यात बसवू नका. पूलच्या पातळीखाली पंप असला की तो लगेच पाणी उचलतो हे मान्य, पण ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या सोसायटीत खड्ड्यातले सगळे पंप गेले. ओट्यावर सेल्फ प्रायमिंग (स्वतः पाणी ओढून घेणारा) पंप बसवा. आणि पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते, काँक्रीटला तडे जातात. पुरात मगर आली तर मात्र कुठलाच फिल्टर धरणार नाही.

भायलीकर

मंडळी, ठरलं. वाळूचा फिल्टर, ५०० मिमी, वर कव्हर, पंप ओट्यावर, तळाला दोन ड्रेन. कॉन्ट्रॅक्टरचं तोंड कडू झालं, पण खोदकामाला माणूस पाठवतोय. हार्डनेसला पाणी दिलंय. आता शेवटचं: ६०० मिमीचा फिल्टर थोड्याच जास्त पैशात मिळतोय, तो घेऊ? आणि बॅकवॉशचं पाणी झाडांना चालेल?

वाळूघड्याळ

६०० घेतलात तर पंपही मोठा लागेल. बॅकवॉशमध्ये वाळू उचलली जाऊन घुसळली गेली पाहिजे. फिल्टर मोठा आणि पंप मरतुकडा असला की वाळू जागची हलत नाही आणि घाण आतच राहते. ५०० पुरे. वाळू शंभर किलोच्या आतबाहेर बसेल, ०.४५ ते ०.५५ मिमीची सिलिका मागा, बांधकामाची रेती नको. पाच-सात वर्षं बघायला नको.

बॅकवॉशचं पाणी टाकीत दोन-तीन दिवस उन्हात उघडं ठेवा, क्लोरीन जाईल. क्षार राहतील, म्हणून गुलाबाच्या कुंड्यांना नको, नाहीतर माळी राजीनामा देईल. कडुनिंबाला घाला, अंगण धुवा.

माळ्याला दोनच गोष्टी शिकवा. फिल्टर स्वच्छ असताना दाबाच्या गेजवर जो आकडा दिसेल तो रंगाने लिहून ठेवायचा, त्यावर ८ ते १० पीएसआय चढले की बॅकवॉश. त्याआधी उगाच नाही, थोडी मळलेली वाळू जास्त बारीक गाळते. आणि व्हॉल्व्हचं हँडल फिरवण्याआधी पंप बंद. चालू पंपावर फिरवलं की आतली गॅसकेट फाटते आणि पूलचं पाणी गुपचूप बॅकवॉशच्या पाइपातून वाहत राहतं.