सीए मंत्र्यानं रेल्वे सुधारली म्हणे!

शहापूरकर: परवा इथं कुणीतरी ठोकून दिलं, 'सुरेश प्रभू (2014 ते 17 चे रेल्वेमंत्री) वकील आणि वर सीए, म्हणून रेल्वेचा हिशेब ताळ्यावर आला.' कसला ताळा? 2015-16 ला 100 रुपये मिळवायला 90.5 खर्च होत होते, पुढच्याच वर्षी 96.5. घसारा निधीत 2014-15 ला 7,775 कोटी टाकले होते, 2016-17 ला 5,200. जुने रूळ, पूल, डबे बदलायचा पैसा तो. तिथं हात आखडला की खर्च कमी दिसतो, रूळ मात्र आणखी एक वर्ष झिजतो. म्हणजे खर्च-कमाईचं खरं गुणोत्तर 96.5 पेक्षाही वाईट. सीएला हे कळत नव्हतं होय?

टिळकवाडी: सातवा वेतन आयोग त्याच वर्षी लागला, ते सोयीनं गाळलंत. पगार-पेन्शन रेल्वेमंत्री ठरवतो काय? रोखीचा हिशेब सोडून उपार्जित पद्धत, म्हणजे पैसा हातात येण्या-जाण्याआधीच देणं-येणं धरायचं, ते आणायचं काम प्रभूंनीच रेटलं. 2015 च्या भाषणात एकही नवी गाडी जाहीर केली नाही. वेगळा रेल्वे अर्थसंकल्प 2017 ला संपला, त्याबरोबर केंद्राला द्यायचा लाभांशही. टाळ्यांचं भाषण आपणहून सोडणारा दुसरा मंत्री दाखवा. एलआयसीनं रेल्वेला कबूल केलेले दीड लाख कोटी तर वेगळेच.

शहापूरकर: ते कर्ज ओ. कमाईत काय धरताय?

चिकोडी रोड: आपल्या बेळगावीच्या लाईनीचं बोला की. पुणे-मिरज-लोंढा दुहेरीकरण, 467 किमी, त्यांच्याच काळातली मंजुरी. सिंगल लाईनीवर समोरून गाडी आली की एकीनं लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभं राहायचं. एक गाडी लेट झाली की पुढची सगळी क्रॉसिंग कोलमडतात. मग बेळगावीला नवी गाडी देऊन उपयोग काय?

शहापूरकर: बेळगाव लिहा. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं नाव बदललं, तुम्ही कशाला बदलताय?

खानापूर तालुका: दुहेरीकरण राहू दे. बेळगावहून कित्तूरमार्गे धारवाडला जाणाऱ्या नव्या लाईनीचं काय? सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना आलेली. तेही कायदाच शिकलेले, इथल्याच लखमगौडा कॉलेजात. लोंढ्यावरून 121 किमी, नवीन 73. गर्लगुंजी, नंदीहळ्ळीची पिकाऊ जमीन जाणार, आणि हुबळीच्या गाड्या तिकडून वळल्या की खानापूर-लोंढा कोरडं.

चिकोडी रोड: लाईन वळवली की लांबी वाढते. 48 किमी वाचवायलाच ती काढली, मग वळणं घालून करायचं काय?

खानापूर तालुका: पड जमिनीवरून न्या म्हणतात शेतकरी, चंद्रावरून नाही. 4-5 किमी वाढले तरी 40 च्या वर वाचतातच. तुमची भुई जात नाही म्हणून हे गणित सुचतंय.

चिकोडी रोड: भुईवर येऊ नका. उतार आणि वळणाचं बोला.

खानापूर तालुका: उतारा आधी, उतार मग!

टिळकवाडी: धागा प्रभूंचा होता. बरं, घसारा निधीचं मान्य, व्हा खूश. पण 19 ऑगस्ट 2017 ला खतौलीला उत्कल एक्सप्रेस घसरली ती पैशाअभावी नव्हे. ब्लॉक न घेता, म्हणजे गाड्या थांबवून ठेवल्याशिवाय, रुळाचं काम चाललं होतं. तरी प्रभूंनी जबाबदारी घेतली, पंधरा दिवसांत रेल्वे खातं गेलं.

शहापूरकर: आणि ब्लॉक का मिळत नाही? गाड्या कोंबून ठेवल्यावर रूळ रिकामा सापडतो कधी?

चिकोडी रोड: मग लाईन वाढवणाऱ्याला श्रेय द्या की!

शहापूरकर: दिलं, जा. मंजुरीपुरतं.

खानापूर तालुका: गर्लगुंजीचं कुणी बोलणार आहे का?