‘ओपनिंग’ला मराठीत काय म्हणावं? आणि ते शिकतात, पाठ करतात की बसवतात?

प्यादं:
आमच्या दादरच्या मंडळात दर शनिवारी संध्याकाळी बुद्धिबळाचे दहा-बारा पट मांडले जातात. यंदा शाळकरी मुलं आणि माझ्यासारखे चाळिशी ओलांडलेले हौशी, अशा सगळ्यांसाठी ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचा, वर्ग ठरलाय. फलकावरची सूचना लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सेक्रेटरींची अट एकच, सूचना मराठीत हवी. शह, काटशह, मात, प्यादेमात असा ऐवज असलेल्या भाषेत ओपनिंगला साधा शब्द सापडेना! ‘प्रारंभिक चाली’ म्हटलं की सरकारी परिपत्रक वाटतं. ‘सलामी’ छान आहे, पण पेपरात ‘सलामीलाच पराभव’ आलं की माणूस स्पर्धेची पहिली फेरी हरलेला असतो. ‘उघडणी’ ऐकून दुकानाचं शटर आठवतं. त्यात लिंगाचा घोळ. अर्धे जण ‘कुठली ओपनिंग खेळतोस?’ विचारतात, अर्धे ‘कुठलं?’ सुचवा काहीतरी.

अडीच घरं:
लिंगाचं तेवढं सांगतो. ट्रेनिंग झालं, शूटिंग लांबलं, पण मीटिंग संपली आणि बिल्डिंग पडली. मीटिंगमागे ‘सभा’ उभी आहे, बिल्डिंगमागे ‘इमारत’. ज्याच्या डोक्यात ‘सुरुवात’ असते तो ‘कुठली’ म्हणत असावा. मी ‘कुठलं’वाला. कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र खेळी) केलं म्हणतो, तसंच ओपनिंग चुकलं.

तिरका उंट:
शब्द नाही, कारण पूर्वी आपल्याकडे त्याची गरजच फारशी पडत नव्हती. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं. दोन्ही फौजा एकमेकींना भिडेपर्यंत निवांत वेळ असायचा. कसब लागायचं ते शेवटाला, मात कशी आणि कशानं करायची यात. प्याद्यानं मात केली तर तिला ‘प्यादेमात’ असं वेगळं नाव आहे ते उगाच नाही. आपल्या मुंबईतच १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक मूळ संस्कृतातून इंग्रजीत येऊन छापलं गेलं. शीर्षकातच युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचं म्हटलंय, पण आतला मुख्य माल म्हणजे पटावरच्या निवडक अवघड स्थिती.

जगातल्या ओपनिंगांवर आपली खूण मात्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉकरेन या ब्रिटिश खेळाडूविरुद्ध काळ्यानं घोडा एफ-६ (अक्षर म्हणजे पटावरची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ), मग जी आणि डी पट्टीतली प्यादी एकेक घर पुढे, उंट जी-७ वर, असं खेळायचे. ‘किंग्ज इंडियन’ या ओपनिंगच्या नावातलं ‘इंडियन’ या घराण्यातलं. त्या एकेक घरात मला देशी प्याद्याची जुनी सवय दिसते.

आणि एक कुरकुर. पेपरवाले ‘सिसिलियन बचाव’ लिहितात. इ-४ ला सी-५ म्हणून उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा बचावाला बसलेला नसतो हो, भांडायलाच आलेला असतो.

अडीच घरं:
घराण्याचा विषय निघालाच आहे तर ‘गॅम्बिट’ घ्या, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊ करायचं ओपनिंग. मूळ इटालियन शब्द ‘गाम्बेत्तो’, म्हणजे पायात पाय घालून पाडणं. रुई लोपेझ या स्पॅनिश पाद्र्यानं १५६१ च्या पुस्तकात तो बुद्धिबळात आणला. आपल्या तालमीत याला सरळ ‘टांग’ म्हणतात! तरी आपण ‘प्याद्याचं बलिदान’ असं हुतात्मा चौक छापाचं भाषांतर करतो. क्वीन्स गॅम्बिटमध्ये तर बलिदानही खरं नसतं. डी-४ डी-५, सी-४, काळ्यानं प्यादं खाल्लं, पांढऱ्याचं इ-३. आता काळा हट्टानं बी-५ करून ते राखायला गेला की ए-४, सी-६, ए-नं बी-५ खाणं, सी-नं परत खाणं, आणि वजीर एफ-३ वर. कोपऱ्यातला हत्ती थेट माऱ्यात, आणि तो वाचवायचा तर निदान एक मोहरं जातं. ही टांगच.

काळं घर:
नामावर एवढा खल चाललाय, क्रियापदाकडे कुणी बघत नाहीये. मी लहानपणी गिरगावात पेटी शिकले. आमच्या बाई ‘गत पाठ झाली का?’ असं कधी विचारत नसत, ‘बसली का?’ विचारत. नाटक बसवतात, गाणं बसवतात, कुस्तीत डाव बसतो. ओपनिंगही बसवायचं असतं, आणि बहुतेक क्लबवाले ते पाठ करतात.

परवाचंच सांगते. समोर नववीतला मुलगा, पांढरी त्याची. डी-४, मी डी-५, त्याचा उंट झटक्यात एफ-४ वर. लंडन नावाचं ओपनिंग. पहिल्या खेळ्या त्यानं माझ्या घड्याळाकडे बघत केल्या. मी सी-५, त्यानं इ-३, माझा घोडा सी-६, त्यानं सी-३, मी वजीर बी-६ वर ठेवला. पोरगा थबकला. सी-१ वरचा उंट बाहेर पडला की बी-२ चं प्यादं राखायला कुणी उरत नाही, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वजीर बी-३ ला आणून तोंडावर उभा केला असता तर प्रश्न मिटला असता. त्यानं पाठ केलेली पुढची खेळी केली आणि प्यादं गमावलं. खेळ्या त्याला माझ्यापेक्षा जास्त येत होत्या.

प्यादं:
बाई, तो मुलगा मीच असू शकलो असतो, फक्त केस कमी. मी दोन वर्षं फ्रेंच डिफेन्स खेळलो कारण नाव आवडलं. इ-६ करून पांढऱ्या घरांतला उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडायचा आणि मग रात्री विरार स्लोमध्ये उभ्यानं विचार करायचा की हा उंट आज हललाच नाही. आता कॅरो-कान घेतलीय. सी-६, डी-५, पांढऱ्यानं इ-५ करून पुढे ढकललं की उंट आधी एफ-५ वर, मग इ-६. आधी बाहेर पडायचं, मग दार लावायचं. हे कळल्यावर पाठ करायला फार उरलं नाही.

तिरका उंट:
‘कॅरो-कान घेतलीय’. म्हणजे स्त्रीलिंगी?

प्यादं:
च्यायला. खरंच की.

तर सूचना लागली आहे: ‘दर शनिवारी सायंकाळी ६ वाजता ओपनिंग बसवण्याचा वर्ग. पट मंडळाचे, वही आपली.’ सेक्रेटरींनी ‘ओपनिंग’खाली लाल रेघ मारली, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, राहू दे, पण ‘बसवण्याचा’ जरा मोठ्या अक्षरात लिही.