मदत हवी आहे: एम ८१ मधला ९ फोटॉनांचा ठिपका खरा मानावा का?

मंडळी, तीन आठवडे एका ठिपक्यावर अडकलोय.

चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या अर्काइव्हमधून एम ८१ दीर्घिकेचं साधारण ५० हजार सेकंदांचं एक निरीक्षण उतरवून घेतलंय. अंतर सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे शेजारीणच. तिथले ठळक क्ष-किरण स्रोत कुणालाही सापडतील. मला हवेत ते अंधुक, न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर सोबतच्या ताऱ्याचा वायू हळूहळू ओढून घेतंय असे. वेव्हडिटेक्ट या स्रोत शोधणाऱ्या प्रोग्रामने सर्पिल बाहूवर एक दाखवला. २ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) त्रिज्येच्या वर्तुळात ९ फोटॉन. भोवतीच्या कड्यावरून काढलेली पार्श्वभूमी, म्हणजे स्रोत नसतानाही येणारे फोटॉन, तेवढ्या जागेत १.१.

सरासरी १.१ असताना निव्वळ योगायोगाने ९ किंवा जास्त फोटॉन येण्याची शक्यता दहा लाखांत दोन-तीन. खूश झालो. मग लक्षात आलं, दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातल्या एका चिपवर (बाजू ८.४ आर्कमिनिटं) अशी जवळपास २० हजार वर्तुळं मावतात. म्हणजे कुठे ना कुठे असा खोटा ठिपका उगवण्याची शक्यता विसात एक! एवढ्यावर छाती ठोकून सांगवत नाही.

एक्सएमएम-न्यूटन या दुसऱ्या क्ष-किरण दुर्बिणीचे आरसे जास्त प्रकाश गोळा करतात, पण एका स्रोताचे निम्मे फोटॉनच साधारण १५ आर्कसेकंद व्यासात पसरतात. शेजारच्या ठळक स्रोताच्या पसाऱ्यात माझा ठिपका बुडून जातो.

तर प्रश्न असे: ९ फोटॉनांवरून वर्णपट मऊ (कमी ऊर्जेचे फोटॉन जास्त) की कठीण (जास्त ऊर्जेचे जास्त) हे ठरवण्यात काही अर्थ आहे का? आणि हे फार मागच्या एखाद्या दीर्घिकेचं सक्रिय केंद्रक (वायू गिळणारं मधलं महाकाय कृष्णविवर) असेल तर ओळखायचं कसं?

प्रतिसाद १

मऊ-कठीणच्या फंदात पडू नका. ५ विरुद्ध ४ म्हणजे काहीच नाही, आणि तसंही कृष्णविवराची जोडी आणि मागचं केंद्रक या दोघांचा वर्णपट बऱ्याचदा सारखाच दिसतो. हबलच्या प्रतिमेत त्या जागी काय आहे ते बघा. मात्र आधी दोन्ही प्रतिमा जुळवून घ्या, अर्ध्या आर्कसेकंदाची चूकही तिथे भलत्याच ताऱ्यावर नेऊन सोडते. एम ८१ मध्ये १९९३ चा अतिनवतारा (सुपरनोव्हा) क्ष-किरणांतही दिसतो; त्याची जागा रेडिओवरून नेमकी माहीत आहे, तो खूण म्हणून धरा. एका खुणेने सरक कळते, फिरणं कळत नाही, हे ध्यानात असू द्या.

प्रतिसाद २

त्याच्याही आधी एक काम. ते ९ फोटॉन कधी आले आणि चिपच्या कुठल्या पिक्सेलवर आले ते पाहिलंत का? आकाशातली जागा नव्हे, इव्हेंट फाइलमधले (तिथे प्रत्येक फोटॉनची नोंद असते) चिपएक्स आणि चिपवाय हे रकाने. वैश्विक किरण आदळला की चिपमध्ये अडकलेला विद्युतभार पुढच्या अनेक फ्रेममध्ये थोडाथोडा सुटतो, त्याला आफ्टरग्लो म्हणतात. दुर्बीण निरीक्षण चालू असताना मुद्दाम डुलवतात. त्यामुळे खरा स्रोत चिपवर फिरत राहतो, आफ्टरग्लो एकाच पिक्सेलला चिकटून बसतो.

धागाकर्ता

आत्ताच पाहिलं. ९ पैकी ७ एकाच पिक्सेलवर, २५ सेकंदांच्या आत. उरले २.

प्रतिसाद २, तुमचे आभार मानू की तुमच्यावर रागावू? यादीतले बाकीचे अकरा ठिपकेही आता याच चाळणीतून काढतोय.