सार्जंट यांच्या 'मादाम एक्स'ची कॅनव्हास प्रत: आकार, रंग आणि नागपूरचा उन्हाळा

धरमपेठकर
नमस्कार. माझ्या आईने तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. जॉन सिंगर सार्जंट यांच्या 'मादाम एक्स' या चित्राचे, जुन्या दिनदर्शिकेतून कापून घेतलेले एक पान तिने आजवर जपून ठेवले आहे. येत्या दिवाळीत त्याचीच मोठी कॅनव्हास प्रत तिला द्यावी, असे मनात आहे. शहरातल्या एका छपाईदाराकडून मी २४ × ३६ इंचांची प्रत करून घेतली. परंतु तीत काळ्या झग्याचा खालचा घोळ कापला गेला, कापडाच्या चुण्या काळ्या रंगात बुडून गेल्या आणि चेहरा पिवळट आला. ती आईला दाखवण्याचे धाडस मला झाले नाही. पुन्हा छापून घेताना कोणती काळजी घ्यावी? शिवाय बैठकीतली मोकळी भिंत पश्चिमेची आहे आणि उन्हाळ्यात तिच्या समोरच्याच खिडकीत कुलर असतो. तिथे कॅनव्हास टिकेल का?

छपाईघर
घोळ कापला गेला, याचे कारण प्रमाणात आहे. मूळ चित्र २०८.६ × १०९.९ सेंटीमीटरचे आहे, म्हणजे उंची रुंदीच्या जवळजवळ १.९ पट. २४ इंच रुंदी घेतली तर उंची सुमारे साडेपंचेचाळीस इंच व्हायला हवी. ३६ इंचांत बसवताना साडेनऊ इंच चित्र कुठून तरी जाणारच. तयार मापांच्या यादीतून निवड करू नका, मूळ प्रमाणातच छापून मागा.

फाईलचे म्हणाल, तर प्रतिइंच १५० पिक्सेल धरले असता या आकाराला सुमारे ३,६०० × ६,८०० पिक्सेल लागतात. कॅनव्हासच्या पोतामुळे आणि पाहण्याच्या अंतरामुळे थोडे कमी चालून जाते, पण निम्म्याहून कमी असेल तर दागिन्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतील. हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. स्वामित्वहक्क संपलेल्या आपल्या कलाकृतींची छायाचित्रे या संग्रहालयाने २०१७ पासून मुक्त वापरासाठी खुली केली आहेत. फाईल तिथूनच घ्यावी, शोधयंत्रात सापडेल ती नव्हे.

काळ्या चुण्यांसाठी रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंट शाई वापरणारे यंत्र आणि त्या विशिष्ट कॅनव्हाससाठी बनवलेले रंग-प्रोफाइल (म्हणजे त्या कापडावर रंग नेमके कसे उतरवायचे हे यंत्राला सांगणारी फाईल), या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. साधा मॅट कॅनव्हास गडद छटा गिळतो, त्यामुळे वरून हलक्या तकाकीचे वार्निश द्यायला सांगा. काळ्याची खोली त्याने लक्षणीय वाढते. आणि पूर्ण प्रत छापण्याआधी त्याच कॅनव्हासवर चेहरा व झग्याचा कमरेजवळचा भाग एवढाच तुकडा अंतिम प्रतीच्याच मापात काढून घ्या. थोडा जास्तीचा खर्च येतो, पण वाया जाणाऱ्या प्रतीपेक्षा तो फारच कमी.

रेषा_विदर्भ
ताई किंवा दादा, आपल्या आईंच्या पिढीने असली चित्रे लहान छापील पानांवरूनच अभ्यासली आणि तरीही विद्यार्थ्यांना रंगांचे बारकावे शिकवले, म्हणून आपल्या प्रश्नाने मन हेलावले.

पिवळेपणाबद्दल सांगते. या चित्रातली त्वचा मुळातच जांभळट झाक असलेली, थंड पांढरी आहे. चित्रात दिसणाऱ्या स्त्रीची, म्हणजे मादाम गोत्रो यांची, पावडर लावलेली कांती सार्जंट यांना नेमकी तशीच रंगवायची होती. त्यात तपकिरी पार्श्वभूमी आणि गुलाबी-लालसर कान यांच्यामुळे ती थंडी आणखी जाणवते. छपाईच्या सॉफ्टवेअरमधली आपोआप रंगदुरुस्ती त्वचेची ही छटा चूक समजते आणि तिला उबदार करून टाकते. चित्र तिथेच मरते. 'रंगात कोणतीही सुधारणा करू नये', असे छपाईदाराला लेखी द्या आणि नमुना दिवसाच्या उजेडात पाहा, पिवळ्या दिव्याखाली नव्हे.

काही ठिकाणी वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून देतात. ते कृपया घेऊ नका. ते फटकारे सार्जंट यांचे नसतात आणि चित्रातल्या आकारांशी जुळतही नाहीत. १८८४ च्या पॅरिस सलों या चित्रप्रदर्शनात झग्याच्या उजव्या खांद्यावरून घसरलेल्या पट्ट्यावरून गहजब झाला, तेव्हा चित्रकाराने पुढे तो पट्टा स्वतः पुन्हा रंगवून खांद्यावर घेतला. एवढ्या एका बदलानेही चित्राचा अर्थ हलला. मग अनोळखी हाताला त्यावर कुंचला का फिरवू द्यावा? रविवर्मा छापखान्यातली चित्रे आपल्या आजी-आजोबांनी छापील म्हणूनच घरात लावली आणि प्रेमाने जपली. छापील प्रतीने छापीलच दिसावे, असे माझे ठाम मत आहे.

सागवानी_चौकट
भिंत बदला. दुपारभर तापणारी पश्चिमेची भिंत आणि समोरून येणारी कुलरची ओली हवा, हे दोन्ही एकाच कापडाला सोसवत नाही: पंचेचाळीस अंशांत ते कोरडे पडून ताणले जाते, कुलर लागला की सैल होते आणि पावसाळ्यात कोपऱ्यांना लाटा येतात. आतली, शक्यतो उत्तरेकडची भिंत निवडा. निव्वळ सुती कापडापेक्षा पॉलिएस्टर मिसळलेला कॅनव्हास कमी हलतो. ताणण्याच्या पट्ट्या वाळवलेल्या लाकडाच्या असाव्यात, कोपऱ्यांत पाचरी असाव्यात म्हणजे सैल पडल्यावर ठोकून घेता येते, आणि एवढ्या उंचीला मधोमध एक आडवी पट्टी हवीच. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाटीवर चिकटवून घेऊ नका, ओल लागली की ती फुगते. मागच्या बाजूला बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून अर्धा इंच अंतर ठेवावे. दुमडण्यासाठी चारही बाजूंना दोन-अडीच इंच जास्तीचा कॅनव्हास सोडायला विसरू नका, नाहीतर कडेचे चित्र पुन्हा मागे जाईल.

धरमपेठकर
आपणा सर्वांचा मी अत्यंत आभारी आहे. देवघराशेजारची आतली भिंत आज मोजली. तिथे उंचीला ४४ इंचच जागा आहे, म्हणून २२ इंच रुंद आणि पावणेबेचाळीस इंच उंच अशी प्रत ठरवतो आहे. भेट गुपित ठेवण्याचा विचार मात्र सोडला. चेहऱ्याचा नमुना छापून आला की तो सकाळच्या उजेडात आधी आईच्याच हातात देईन, कारण त्या जांभळट छटेची पारख आमच्या घरात तिच्याइतकी कोणालाच नाही.